तंत्रक्षेत्रातील स्त्रियांसाठी मार्गदर्शनाचे ॲप उभारताना

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थिनींचे गट, महिला मंडळे आणि कंपन्यांमधील नोकरदार स्त्रियांची लहान वर्तुळे यांच्याकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तंत्रक्षेत्रातील नवख्या स्त्रीला अनुभवी स्त्रीचे मार्गदर्शन मिळावे आणि आपसांत ओळखी वाढाव्यात यासाठी स्वतंत्र ॲप बनवायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी, कोणाकडून किती माहिती मागावी आणि कायद्याने कोणती जबाबदारी अंगावर येते, असा तो प्रश्न असतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यामुळे ज्या घरात आजवर कोणी अभियंता झालेले नाही, अशा घरांतील मुलींनाही ही वाट मोकळी झाली. शुल्क माफ झाले तरी ओळखी मात्र आपोआप मिळत नाहीत, आणि मुलाखतीला जाताना कोणी शब्द टाकायला नसणे ही या मुलींची खरी अडचण असते.

या लेखात मार्गदर्शन हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे. त्याच व्यवसायातील, पण वरिष्ठ म्हणून जिच्या हाताखाली काम करावे लागत नाही, अशा व्यक्तीने ठरावीक काळ दिलेला सल्ला म्हणजे मार्गदर्शन. ओळखींचे जाळे ही त्याहून सैल गोष्ट असून त्यात समान कामे करणाऱ्या स्त्रिया एकमेकींना माहिती, संधी आणि धीर देतात. ॲपमध्ये दोन्ही असू शकतात, परंतु त्यांचे नियम वेगळे ठेवावे लागतात.

आधी ठरवावे : ॲप हवे की यादी पुरे

पन्नासपर्यंत सभासद असतील तर ॲपची गरज बहुधा नसते. एक समन्वयिका, एक वही किंवा तक्ता आणि महिन्यातून एकदा फोन एवढ्यावर काम उत्तम चालते. व्हॉट्सॲप गट मात्र या कामासाठी अपुरा पडतो, कारण त्यात प्रत्येकीचा मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतो, विचारलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडला जातो आणि मुळात धीट असलेल्याच चौघी-पाचजणी बोलत राहतात. सभासद वाढले, जोड्या लक्षात राहीनाशा झाल्या आणि तक्रारींची नोंद ठेवणे आवश्यक वाटू लागले, की मग तयार साधनाचा विचार करावा.

त्यानंतरही थेट ॲप-भांडारात जाण्याची घाई करू नये. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारे आणि मुख्य पडद्यावर चिन्ह ठेवता येणारे वेब ॲप पहिल्या वर्षासाठी पुरेसे असते. स्वतंत्र ॲपसाठी गूगलच्या भांडारात विकसक म्हणून एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते. ही रक्कम मोठी नसली तरी दोन्ही प्रणालींच्या नव्या आवृत्त्यांशी ॲप जुळवत राहण्याचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि स्वयंसेवी गटांचे ॲप बंद पडते ते बहुतेकदा याच खर्चापायी.

गिरगावाकडून घ्यायचे माप

स्त्रियांचे जाळे कसे टिकते याचा अभ्यास करायचा असेल तर परदेशी नमुन्यांच्या आधी गिरगावाकडे पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे 'लिज्जत' या नावाने देशभर पसरलेल्या या श्री महिला गृह उद्योगाची कामाची पद्धत ॲप रचणाऱ्यांनी बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. पीठ शाखेत एकत्र मळले जाते, सभासद बहीण आपल्या वाट्याचे पीठ घरी नेते, घरातले सांभाळून पापड लाटते, वाळलेले पापड शाखेत आणून देते आणि मजुरी घेऊन जाते. कामाचा तुकडा हातात मावेल एवढा असतो, तो केव्हा पूर्ण झाला हे दोन्ही बाजूंना कळते आणि हिशोब फार काळ लोंबकळत राहत नाही.

मार्गदर्शनाच्या बहुतेक योजना नेमक्या येथेच फसतात. 'वर्षभर मार्गदर्शन करा' अशी विनंती ऐकून दिवसाला दहा तास नोकरी करणारी अनुभवी अभियंता होकार देते आणि दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी होते, तर नवखी मुलगी 'उगाच त्रास कशाला द्यायचा' म्हणून संदेश पाठवत नाही. दोघींच्या मनात काही वाईट नसते. कामाची लाटीच मोठी घेतलेली असते. म्हणून ॲपमधील मार्गदर्शनाचे सर्वांत लहान एकक आधी ठरवावे आणि पडद्यांची चित्रे त्यानंतर काढावीत. पुढील तीन मापे व्यवहारात सोयीची ठरतात.

- एक प्रश्न, एक उत्तर. प्रश्न पाच-सहा ओळींचा असावा आणि उत्तर आठवड्याच्या आत यावे. उदाहरणार्थ : "चार वर्षे मॅन्युअल टेस्टिंग केले आहे. ऑटोमेशनकडे जाण्यासाठी आधी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी की कंपनीतच बदली मागावी?" एवढा नेमका प्रश्न आला तर अनुभवी व्यक्तीला दहा मिनिटे पुरतात.
- एक बैठक. सराव मुलाखत, अर्ज तपासणे किंवा पगाराच्या बोलणीची तयारी यांपैकी एकच काम, पाऊण तासात.
- बारा आठवड्यांची जोडी. दर पंधरवड्याला एक याप्रमाणे सहा बैठका. पहिल्या बैठकीत उद्दिष्ट लिहून ठेवावे आणि सहावी झाल्यावर जोडी आपोआप संपावी. पुढे चालू ठेवायची असेल तर दोघींनी पुन्हा होकार द्यावा.

जोडी आपोआप संपण्याची सोय अनेकांना कोरडी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे अवघडलेपणा वाचतो, कारण नाते न पटल्यास कोणालाही 'नको' म्हणावे लागत नाही.

लांबच्या जोडीसाठी अधूनमधून विषय सुचवणारा लहान संदेश ॲपने पाठवावा. अमेरिकेत १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेंटॉरनेट या उपक्रमात अभियांत्रिकी आणि विज्ञानातील विद्यार्थिनींना ई-मेलने मार्गदर्शक मिळत असत, आणि दोघांनाही वेळोवेळी चर्चेचे विषय पाठवले जात असत. संभाषण थांबण्याचे एक साधे कारण 'आता काय बोलायचे' हे असते, ही गोष्ट त्या रचनेत ओळखलेली होती.

कोणासाठी, हे स्पष्ट लिहावे

'तंत्रक्षेत्रातील सर्व स्त्रियांसाठी' असे लिहिलेले ॲप प्रत्यक्षात कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पदविकेच्या मुलीला प्रकल्प आणि प्रशिक्षणाची जागा हवी असते, पहिल्या नोकरीतल्या मुलीला काम कसे नाकारावे आणि बढती कशी मागावी हे हवे असते, तर पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर सल्ल्यापेक्षा शिफारशीची गरज अधिक भासते. शिफारस म्हणजे एखादीच्या अनुपस्थितीत, निर्णय होतो त्या खोलीत, तिच्या नावासाठी कोणी तरी बोलणे. हे काम ॲप करू शकत नाही. ते करू शकणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवणे एवढेच त्याच्या हाती असते.

बाळंतपण किंवा आजारपणातील सेवा यांमुळे नोकरी सोडून पुन्हा परतणाऱ्या स्त्रीकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्या नोंदीत 'खंड' या शब्दाचा रकाना ठेवू नये. 'शेवटचे वापरलेले तंत्र' आणि 'आता शिकत असलेले तंत्र' असे दोन रकाने ठेवले म्हणजे बोलणे कौशल्याविषयी होते. संशोधनाकडे परतू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही योजना आहे, आणि तिचा दुवा ॲपमध्ये हाताशी असावा. त्याचप्रमाणे आयटीआय झालेल्या विद्युततंत्री, प्रयोगशाळा सहायक आणि आरेखक स्त्रियांना वगळू नये, कारण तंत्रक्षेत्र म्हणजे फक्त सॉफ्टवेअर ही समजूत चुकीची आहे आणि एकटेपणा कारखान्याच्या विभागात अधिक असतो.

नाव, आडनाव आणि जोडी जुळवणे

मराठी समाजासाठी ॲप बनवताना परकीय नमुन्यात न सापडणारी एक बाब लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे आडनावावरून जातीचा अंदाज बांधला जातो, आणि मार्गदर्शक निवडण्याच्या यादीत पूर्ण नावे दिसली तर निवड कळत-नकळत त्या अंदाजावर होते. म्हणून दोघींनी होकार देईपर्यंत पहिले नाव, कामाचे क्षेत्र, अनुभवाची वर्षे आणि बोलण्याची भाषा एवढेच दाखवावे. छायाचित्र ऐच्छिक ठेवावे. वैवाहिक स्थिती मुळीच विचारू नये.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण लग्नानंतर बदललेल्या नावाची आहे. पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि नोकरीचे पत्र सासरच्या नावाने असते, त्यामुळे कागदपत्रे पडताळताना खरी व्यक्तीही खोटी ठरू शकते आणि जुन्या मैत्रिणींना ती शोधूनही सापडत नाही. नोंदणीत 'पूर्वीचे नाव' हा रकाना असावा, तो फक्त पडताळणीसाठी वापरला जावा आणि शोधात दाखवायचा की नाही हे सभासदाने स्वतः ठरवावे.

जोडी जुळवण्याचे काम संगणकावर सोपवण्याचा मोह टाळावा. पहिल्या शंभर जोड्यांची यादी समन्वयिकेने स्वतः पाहावी आणि तंत्राने फक्त तीन-चार नावे सुचवावीत. एकाच कंपनीत वरिष्ठ-कनिष्ठ असलेल्या व्यक्तींची जोडी कधीही लावू नये, कारण तेथे मोकळेपणाने बोललेली गोष्ट वार्षिक मूल्यमापनात परत येऊ शकते. पुरुष मार्गदर्शक घ्यावेत का, यावर गटांमध्ये मतभेद होतात. अनेक शाखांत वरच्या पदांवर पुरुषच अधिक असल्याने त्यांना पूर्णपणे वगळणे नवख्या मुलींच्याच तोट्याचे ठरते. मात्र सभासदाला 'फक्त स्त्री मार्गदर्शक' असा पर्याय निवडता यावा आणि त्याचे कारण तिला विचारले जाऊ नये.

पडद्यावर आणि पडद्याबाहेर

चाळीतल्या एका खोलीत चार्जिंगला लावलेला मोबाइल शेल्फावर असतो आणि त्याचा पडदा उजळला की घरातील कोणालाही मजकूर वाचता येतो. अशा वेळी "तुमच्या राजीनाम्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर आले आहे" असे लिहून आले तर जे घरात अजून सांगितलेले नाही ते सर्वांना कळते. सूचनेत केवळ "एक नवीन निरोप" एवढेच शब्द असावेत, मजकूर ॲप उघडल्यावरच दिसावा आणि ॲपला वेगळा अंकी कुलूपक्रमांक लावण्याची सोय असावी.

वेळेचा विचारही तितकाच जवळून करावा लागतो. सकाळी पाणी येण्याची वेळ, डबे आणि गाडी यांत सूचना वाजत राहिल्या तर ॲप आठवडाभरात काढून टाकले जाते, म्हणून सूचनांच्या वेळा सभासदाने निवडाव्यात. कफ परेड ते आरे ही मेट्रो ३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून गिरगाव, वांद्रे-कुर्ला संकुल आणि सीप्झ एकाच गाडीने जोडले गेले आहेत. हा प्रवासाचा वेळ वाचण्यासाठी आणि उत्तर लिहिण्यासाठी चांगला असतो, परंतु भुयारात मोबाइल संपर्काचा भरवसा नसतो. त्यामुळे लिहिलेला मजकूर फोनमध्ये जपला जाऊन संपर्क येताच आपोआप पुढे जाणे ही ॲपची मूलभूत गरज आहे. आकर्षक चित्रे आणि हलते पडदे नंतर आले तरी चालते.

भाषेच्या बाबतीत सर्व पडदे मराठीत असावेत, तांत्रिक संज्ञा मात्र ज्या रूपात कार्यालयात बोलल्या जातात त्याच ठेवाव्यात. 'डेटाबेस' आणि 'कोड' यांना ओढूनताणून प्रतिशब्द दिले तर नवखी मुलगी मुलाखतीत अडखळते. मराठी टंकलेखनाचा कंटाळा येणाऱ्यांसाठी बोलून पाठवायचा निरोप असावा.

ओळखींचे जाळे मात्र पडद्यावर कमी आणि ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष भेटण्यातून अधिक वाढते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली. अशा गाडीत आणि बायकांच्या डब्यात त्याच वेळी तेच चेहरे भेटत असल्यामुळे नोकरीच्या जागा, पाळणाघरे आणि डॉक्टर यांची माहिती कोणत्याही यंत्रणेविना हातोहात पोहोचते. ॲपमध्येही महिन्यातील एक ठरलेली वार-वेळ आणि एकाच भागातील आठ-दहा जणींचा कायम गट ठेवला तर हाच परिणाम साधतो. मुंबईत १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आणि वाशी येथे मुख्यालय असलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले. रोजची अडचण जेथे सुटते तेथे व्यावसायिक ओळखही टिकते, हे त्यातून दिसते.

कायदा काय मागतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मंडळे आणि सेवाभावी संस्था यांनाही लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. नवे ॲप बनवणाऱ्यांनी ही मुदत संपण्याची वाट न पाहता आधीपासूनच तशी रचना करावी. संमती मागताना कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगावे लागते आणि ही सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, म्हणून जी माहिती लागत नाही ती मागूच नये.

येथे एक खड्डा हमखास लक्षात येत नाही. दहावीनंतर पदविकेला गेलेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते आणि हा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकीला बालक मानतो. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि तिच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास मनाई आहे. पहिल्या टप्प्यात ॲप अठरा वर्षांवरील स्त्रियांपुरते ठेवावे आणि पदविकेच्या मुलींसाठी महाविद्यालयामार्फत सामूहिक सत्रे घ्यावीत.

सभासद एकमेकींना लिहू शकतात असे ॲप माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार 'मध्यस्थ' ठरते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करणे आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत देणे बंधनकारक आहे. मजकूर काढण्याच्या मुदती वेळोवेळी बदलत असल्याने सुरू करण्यापूर्वी चालू नियम वकिलाकडून तपासून घ्यावेत.

सभासदाचे हक्क, ॲपच्या पहिल्याच पानावर

- आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क. दाद न मिळाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याचा हक्क.
- कारण न देता जोडी सोडण्याचा आणि एखाद्या व्यक्तीला कायमचे रोखण्याचा हक्क.
- कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्याखाली तक्रारीचा हक्क. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते.
- ऑनलाइन पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक एका दाबाने लागले पाहिजेत.

मार्गदर्शक आणि मार्गदर्शन घेणारी वेगवेगळ्या कंपन्यांत असल्यास त्यांची बैठक 'कामाचे ठिकाण' ठरेल की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि त्या वादात तक्रारदार एकटी पडते. म्हणून ॲपची स्वतःची आचारसंहिता, बाहेरची एक सदस्य असलेली समिती आणि चौकशी होईपर्यंत संबंधित खाते स्थगित करण्याचा नियम हे सर्व पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावे. पहिली प्रत्यक्ष भेट दिवसा आणि सार्वजनिक जागी व्हावी. घरी किंवा हॉटेलच्या खोलीत कधीही होऊ नये. तक्रारदाराचे नाव समितीबाहेर जाऊ नये.

पैसा आणि परवानगी

देणग्या स्वीकारायच्या असतील तर आधी संस्था नोंदवावी. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखालील संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी हे दोन मार्ग आहेत. एखादी कंपनी खर्च उचलत असेल तर तिला फक्त एकूण जोड्या आणि झालेल्या बैठका यांची संख्या द्यावी. कोणती कर्मचारी कोणाशी काय बोलली, नोकरी बदलण्याचा विचार करते आहे का, हे कोणत्याही कारणाने कळवू नये आणि तसे करारात लिहून घ्यावे. भरती करणाऱ्या संस्थांना सभासदांची यादी विकणे हा सर्वांत सोपा उत्पन्नाचा मार्ग आहे, आणि ज्या दिवशी तो स्वीकारला जातो त्या दिवशी विश्वास संपतो.

परिणाम कसा मोजावा

किती निरोप पाठवले गेले यावरून काही कळत नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, तेव्हा तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, १८९६ मध्ये कर्व्यांच्या संस्थेचे काम सुरू झाले, आणि त्याच संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले. एका मुलीला मिळालेल्या आसऱ्याचा धागा शंभर वर्षांनी कोठे पोहोचतो हे कोणत्याही मासिक तक्त्यात मावत नाही. तरीही तीन गोष्टी विचाराव्यात : ठरलेल्या बैठका पार पडल्या का, लिहून ठेवलेल्या उद्दिष्टाचे काय झाले, आणि मार्गदर्शन घेतलेली स्त्री पुढे स्वतः कोणाला तरी मार्गदर्शन करण्यास तयार आहे का. यांतील तिसऱ्या उत्तराला सर्वाधिक वजन द्यावे.

ॲपचा एकही पडदा रंगवण्यापूर्वी वीस जोड्या कागदावर लावून बारा आठवडे चालवून पाहाव्यात. निम्म्याहून कमी जोड्यांनी सहा बैठका पूर्ण केल्या, तर ॲपसाठी ठेवलेली रक्कम समन्वयिकेच्या मानधनावर खर्च करावी आणि पुढील बारा आठवडे पुन्हा कागदावरच काम करावे.